दमवेलीच्या पानाचा निकाल काय लागला?

प्रश्न : आमच्या भागात दमवेल नावाची वेल बांधावरच्या करवंदीच्या जाळीत वाढते. दमा असलेल्यानं तिचं एक पान सकाळी उपाशीपोटी चावून खायचं, असं सहा-सात दिवस करायचं, ही जुन्या माणसांची शिकवण. माझ्या धाकट्या दिरांनी गेल्या हिवाळ्यात हा उपाय केला आणि पुढे महिनाभर त्यांना बरं वाटलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, ''याला पुरावा नाही.'' माणूस डोळ्यांसमोर बरा झालेला दिसतोय, याहून वेगळा पुरावा तो कोणता? या पानाची कुणी रीतसर तपासणी केली आहे का?
— एक वाचक, ता. वाई

उत्तर : केली आहे. एकदा नव्हे, अनेकदा. आणि परदेशात नव्हे, तर आपल्याच देशात, दिल्ली-मद्रासकडे. तेव्हा 'पुरावा नाही' हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. पुरावा गोळा करायला सुरुवात चांगली झाली होती. तो मध्येच का थांबला, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आधी वेलीची ओळख पटवून घेऊ. हिचं शास्त्रीय नाव टायलोफोरा इंडिका. पूर्वी टायलोफोरा अस्थमॅटिका असंही म्हणत, म्हणजे दम्याशी हिचं नातं वनस्पतिशास्त्रज्ञांच्याही कानावर गेलेलं होतं. रुईच्या कुळातली ही वेल. पानं जाडसर, लंबगोल, समोरासमोर जोडीनं येणारी, फुलं बारीक, शेंगा तडकल्या की रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात. कुणी हिला अंतमूळ म्हणतं, कुणी पितमारी, कुणी खडकी रास्ना. एकोणिसाव्या शतकात इथले गोरे डॉक्टर ती वापरत ते उलटी करवण्यासाठी. परदेशातून येणारं इपिकाक महाग पडे, त्याच्या जागी ही 'हिंदुस्थानी इपिकाक' चाले. पानानं मळमळतं हे त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं. या मळमळीकडे लक्ष ठेवा, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे.

१९३५ मध्ये रत्नगिरीश्वरन आणि वेंकटाचलम या संशोधकांनी या वेलीतून टायलोफोरीन हे अल्कलॉइड वेगळं काढलं. पण पान दमेकऱ्यांना देऊन त्याचा रीतसर हिशेब ठेवायचं काम झालं ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये, साठच्या दशकाच्या शेवटी. डॉ. शिवपुरी हे तिथले ॲलर्जीचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत घेतली ती तुमच्या गावच्या पद्धतीहून वेगळी नव्हती : रोज पहाटे एक पान, चावून गिळायचं, सहा दिवस. वेगळं होतं ते एवढंच की दम्याच्या ११० रुग्णांपैकी काहींना खरं पान मिळालं आणि काहींना लुटुपुटुचं औषध. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं, आणि 'कसं वाटतंय?' असं विचारून नोंद करणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. १९६९ मध्ये हा अभ्यास छापून आला. आठवड्याच्या शेवटी पान खाल्लेल्यांपैकी ६२ टक्क्यांना बऱ्यापैकी ते पूर्ण आराम होता. लुटुपुटुचं औषध घेतलेल्यांत हे प्रमाण होतं २८ टक्के.

बहुतेक जण ६२ वर बोट ठेवतात. मला २८ जास्त बोलका वाटतो. ज्यात औषध म्हणावं असं काहीही नाही ते घेऊन शंभरातल्या अठ्ठावीस जणांना आठवड्यात आराम पडला! हे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांच्यातला कुणीही उठून शपथेवर सांगू शकला असता की मला गुण आला. तुमचे दीर त्या ६२ मधले की या २८ मधले, हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नाही. त्यांनाही सांगता येणार नाही. डॉक्टरांना हवा असलेला पुरावा वेगळा पडतो तो इथे.

दमा हा मुळातच चढ-उताराचा आजार आहे. श्वासनळ्यांच्या भिंतींना आतून सूज असते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो. पण हे सगळं दिवसभर सारखं नसतं. पहाटे तीनला बसून राहणारा माणूस सकाळी दहाला बाजारात दिसतो. थंडी, धूळ, परागकण, घुसमटलेल्या खोलीतली बुरशी, साधी सर्दी, यांतलं एखादं कारण आलं की दमा उसळतो, गेलं की उतरतो. आता विचार करा, माणूस झाडपाल्याकडे कधी वळतो? बरं चाललेलं असताना नाही. अगदी जिवावर आलं, चार रात्री झोप नाही, अशा वेळी. म्हणजे लाट सर्वांत वर असताना. तिथून ती खालीच येणार असते. त्या वेळी पान खाल्लं काय, अंगारा लावला काय किंवा नुसतं भिंतीला टेकून बसलं काय, पुढचा आठवडा आधीच्या आठवड्यापेक्षा बरा जाण्याचीच शक्यता अधिक. श्रेय मात्र शेवटी जे केलं असेल त्याच्या पदरात पडतं.

दुसरी गोष्ट मनाची. अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार आवडतो. छेचाळीस दमेकरी घेतले. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी बोलावून चार गोष्टी आलटून-पालटून केल्या : कधी नळ्या मोकळ्या करणाऱ्या सालबुटामॉलचा खरा पंप, कधी औषध नसलेला पंप, कधी खोट्या सुयांचं ॲक्युपंक्चर, आणि कधी काहीच न करता नुसतं बसवून ठेवणं. दर वेळी दोन नोंदी घेतल्या. एक यंत्रावरची, म्हणजे छाती भरून घेतलेल्या श्वासातली किती हवा पहिल्या एका सेकंदात जोरानं बाहेर टाकता येते, ती. दुसरी रुग्णाच्या तोंडची, 'किती बरं वाटतंय?' ही. खऱ्या पंपानं यंत्रावरचा आकडा सुमारे २० टक्क्यांनी वाढला. बाकी तिन्हींनी जेमतेम ७ टक्क्यांनी. इथवर ठीक. पण रुग्णांच्या तोंडून काय आलं? खऱ्या पंपानं ५० टक्के सुधारणा, खोट्या पंपानं ४५, खोट्या सुयांनी ४६ आणि नुसतं बसून २१. म्हणजे फुप्फुसाला खऱ्या-खोट्यातला फरक लख्ख कळला, पण माणसाला कळला नाही.

याचा अर्थ 'सगळं मनाचे खेळ' असा घेऊ नका. बरं वाटणं हेही काही कमी नाही. पण दम्यात बरं वाटणं आणि नळ्या मोकळ्या होणं या दोन गोष्टींची फारकत होऊ शकते, आणि ती धोक्याची असते. नळ्या आवळलेल्या असताना माणूस 'मी ठीक आहे' म्हणत घरी बसला तर रात्री धावपळ होते. म्हणून दम्यावरच्या कुठल्याही औषधाची चाचणी फुंकर मोजल्याशिवाय पुरी होत नाही. ती मोजायला आता मोठं यंत्रही लागत नाही. ब्रिटनच्या मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये पुढे आणलेल्या पीक फ्लो मीटरची छोटी प्लास्टिकची आवृत्ती औषधाच्या दुकानात मिळते. सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम.

आता परत दिल्लीला. २८ वजा जाता पानाच्या वाट्याला बरंच काही उरतं, मग अडचण कुठे आली? मघाच्या मळमळीत. ताजं पान चावणाऱ्यांच्या तोंडाला चरचरायचं, कित्येकांची मिठाची चव जायची, मळमळायचं, काहींना उलटी व्हायची. ज्याला सकाळी पान खाल्ल्यावर दुपारची आमटी अळणी लागते, त्याला आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि खरं मिळालंय हे कळलं की बॉस्टनमध्ये दिसला तो आशेचा भाग त्याच्या हिशेबात आपसूक जमा होतो. डोळ्यांवरची पट्टी अशी जिभेनं सोडवली. ६२ आणि २८ मधलं अंतर किती पानाचं आणि किती या जाणिवेचं, हे वेगळं करणं अवघड होऊन बसतं.

आणखी एक गुंता होता. या अभ्यासात पुढे गटांची अदलाबदल केली होती. ज्यांना आधी खोटं दिलं त्यांना नंतर खरं, ज्यांना खरं त्यांना खोटं. एरवी ही युक्ती उत्तम, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पण दमवेलीबद्दलचा दावाच असा की सहा दिवस पान खा, गुण कित्येक आठवडे टिकतो. तो खरा असेल तर अदलाबदल झाल्यावरही आधीच्या पानाचा गुण खोट्या औषधाच्या खात्यात शिरणार. दावा जितका खरा, तितकी ही पद्धत त्याला गैरसोयीची.

शिवपुरींना मळमळीची अडचण दिसत होती. पुढच्या अभ्यासात त्यांनी पान दिलंच नाही. पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क ग्लुकोजमध्ये मिसळून सहा दिवस दिला. १९७२ मध्ये त्याचा निकाल आला. रुग्ण १९५. आठवड्यानंतर आराम पडलेले, अर्काच्या गटात ५६ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ३२. त्रास बराच कमी झाला होता, पण अंतरही थोडं आक्रसलं होतं. बारा आठवडे पाठपुरावा केला तेव्हा दोन्ही गटांतला आराम ओसरत गेलेला दिसला. १९७८ मध्ये मद्रासकडे डॉ. तिरुवेंगडम आणि सहकाऱ्यांनी दमवेलीची तुलना त्या काळच्या प्रचलित औषधाशी केली आणि त्यांचंही मत अनुकूल पडलं. मग १९७९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आणखी एक अभ्यास आला. १३५ रुग्ण, तशीच दोन्हीकडून डोळे बांधलेली पद्धत. या खेपेला खऱ्या आणि खोट्या औषधात दखल घ्यावी असा फरक निघाला नाही.

२००० मध्ये 'थोरॅक्स' या ब्रिटिश नियतकालिकात हंटली आणि अर्न्स्ट यांनी तोवरच्या सगळ्या जगभरच्या वनस्पती-चाचण्यांची झाडाझडती घेतली. दम्यावरच्या वनस्पतींच्या, कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचण्या सापडल्या एकूण १७. त्यांतल्या आठ भारतीय औषधांच्या, आणि त्या आठांतल्या पाच एकट्या दमवेलीच्या. या वेलीकडे कुणी पाहिलंच नाही ही तक्रार त्यामुळे खरी नाही. सतरापैकी नऊ चाचण्यांत काहीतरी उपयोग दिसला, पण कोणत्याही एका वनस्पतीबद्दल छातीठोकपणे सांगावं असं हाती लागलं नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

तर दमवेल पास झाली नाही. पण नापासही झाली नाही. माझ्या मते तिला उत्तरपत्रिका अर्धी लिहून उठवलं गेलं. त्यात कुणाचं कपटकारस्थान शोधू नये. काळच तसा होता. दिल्लीत पानं चावली जात होती त्याच १९६९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सालबुटामॉलचा पंप बाजारात आला, जो पाच-दहा मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो. १९७२ मध्ये, शिवपुरींचा दुसरा अभ्यास छापला गेला त्याच वर्षी, बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड श्वासातून देण्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. गोळीतल्या स्टिरॉइडच्या तुलनेत अगदी थोड्या मात्रेत थेट नळीची सूज उतरवणारं औषध. याच्यापुढे मळमळ आणणाऱ्या, बारा आठवड्यांत ओसरणाऱ्या पानावर पैसा कोण लावणार? त्यातून बांधावरच्या पानाचं पेटंट मिळत नाही. शिवाय टायलोफोरीनची भावंडंही नाजूक प्रकरण निघाली. त्यांतल्या टायलोक्रेब्रीनला साठच्या दशकात अमेरिकेत कॅन्सरवर आजमावलं, तेव्हा मज्जासंस्थेवर परिणाम दिसून चाचणी थांबवावी लागली. ही अल्कलॉइडं पेशींमधली प्रथिनं तयार होण्याची क्रियाच रोखतात. उंदरांवरच्या कामातून १९९१ मध्ये असंही पुढे आलं की दमवेलीचा अर्क शरीराच्या स्वतःच्या स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींना चाळवत असावा. गुण सहा दिवसांनंतरही का टिकतो, याचं ते उत्तर असू शकेल. असलं तर हे पान 'निरुपद्रवी झाडपाला' या सदरात बसत नाही, हेही त्याच दमात मान्य करावं लागेल.

उद्या कुणी ही चाचणी नव्यानं करायची म्हटलं तर कशी करावी? पहिलं काम वेल ओळखायचं. वर दिलेल्या तीन-चार नावांपैकी रास्ना हे नाव आणखी भलत्याच वनस्पतींनाही आहे, तेव्हा बाजारातल्या पुडीवर विसंबून चालणार नाही. नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तपासून जपून ठेवावा लागेल. मग अल्कलॉइड मोजायची. वाईच्या बांधावरचं पावसाळ्यातलं पान आणि दिल्लीच्या बागेतलं हिवाळ्यातलं पान यांत ती सारखी नसतात, आणि 'एक पान' हे काही माप नव्हे. चावायला न देता कॅप्सूल द्यायची, म्हणजे जीभ बाहेर राहील. आणि खोट्या कॅप्सूलमध्येही किंचित मळमळ आणणारं काही निर्धोक घालायचं, म्हणजे पोटालाही फरक कळू नये. हे ऐकायला विचित्र वाटतं. माझ्या लेखी मात्र सगळ्या चाचणीचं कसब या खोट्या कॅप्सूलमध्ये आहे. खरं औषध निसर्ग देतो, खोटं मात्र माणसाला बनवावं लागतं.

पंप बंद करून कुणालाही नुसत्या वेलीवर ठेवता येणार नाही. तशी परवानगी कुठलीही नैतिकता समिती देणार नाही, देऊ नये. सगळ्यांचा नेहमीचा पंप चालू, त्यावर अर्ध्यांना वेल आणि अर्ध्यांना खोटं, आणि कुणी कुठे जायचं ते चिठ्ठीनं ठरवायचं. मोजायचं काय, तर फुंकरीचा आकडा, रात्री किती वेळा जाग आली, तातडीचा पंप किती वेळा ओढावा लागला. आणि रक्तातली यकृत-मूत्रपिंडाची तपासणी. मुदत किमान तीन-चार महिन्यांची, म्हणजे ऋतू बदलल्याचं श्रेय वेलीला जाणार नाही. आणि सुरू करण्याआधीच भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणालाही पाहता येते. आधी नोंद केली की निकाल मनाविरुद्ध लागला म्हणून चाचणी कपाटात दडवता येत नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती मुळी हाती घेतली. त्याच के. ई. एम.मध्ये पुढे डॉ. शरदिनी डहाणूकरांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. पण रक्तदाबाचा आकडा यंत्र दाखवतं, तो रुग्णाच्या आशेवर दम्याइतका हेलकावत नाही. वकिलांचं काम त्या मानानं सोपं होतं असं मला वाटतं.

तुमच्या दिरांपुरतं सांगायचं तर त्यांनी पंप सोडून पान धरलं असेल तर आजच पंप पुन्हा सुरू करायला सांगा. पान खाल्ल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. घरात कुणी गरोदर बाई असेल, किंवा लहान मुलाला दमा असेल, तर त्यांना हे पान देऊ नये.

प्रश्न : दमवेल राहू द्या, अडुळसा तर आमच्या परड्यात कुंपणालाच आहे. खोकला-दम्यावर त्याचा रस-मध आम्ही पिढ्यान्पिढ्या घेतो. तोही असाच अर्धवट तपासलेला का?
— एक निवृत्त शिक्षक, लांजा

उत्तर : अडुळशाचं नशीब जरा बरं. त्याच्या पानांत व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात ब्रोमहेक्सिन बनवलं आणि पुढे त्याचंच अम्ब्रॉक्सॉल निघालं. खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर यांतलं एखादं नाव बहुधा सापडेल. घट्ट कफ पातळ करून सुटा करायचा, हे या दोघांचं काम. दम्याची मूळ सूज मात्र यांनी उतरत नाही. तेव्हा रस-मधानं कफ सुटला म्हणजे दमा आवरला, असं समजू नका. व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा वर्ज्य.

दम्याच्या औषधांत अशी झाडांची लेकरं बरीच आहेत. चीनमध्ये दोन हजार वर्षं वापरात असलेल्या मा-हुआंग या झुडपातून जपानच्या नागाई यांनी १८८५ मध्ये इफेड्रीन काढलं; चेन आणि श्मिट यांनी पेकिंगमध्ये १९२० च्या दशकात त्याचा गुण तपासला आणि कित्येक वर्षं दमेकऱ्यांच्या खिशात त्याच्या गोळ्या असत. धोतऱ्याचा धूर ओढायचा आपल्याकडचा उपाय १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेला, आणि तिथे 'दम्याच्या सिगारेटी' विसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. धोतरा विषारी, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. पण त्यातल्या ॲट्रोपीनचं सौम्य केलेलं रूप, इप्राट्रोपियम, आज पंपातून देतात.

सर्वांत नवलाची गोष्ट इजिप्तच्या खेल्ला या झाडाची, बडीशेपेच्या कुळातल्या. त्यातल्या खेलीनवरून सुचलेली शेकडो संयुगं डॉ. रॉजर अल्टून्यान यांनी स्वतःवर तपासली. ते स्वतः दमेकरी होते आणि गिनीपिगची त्यांना ॲलर्जी होती. मग ते गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दमा ओढवून घ्यायचे आणि आधी घेतलेल्या संयुगानं तो किती अडला हे यंत्रावर मोजायचे. कित्येक वर्षं हे चाललं आणि त्यातून १९६५ मध्ये क्रोमोग्लिकेट सापडलं. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. त्या औषधाची भुकटी फुप्फुसात पोहोचवणाऱ्या उपकरणात त्यांनी विमानासारखा चिमुकला पंखा बसवला. आर्थर रॅन्सम यांच्या 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' या मुलांच्या पुस्तकातला रॉजर तो हाच, लहानपणीचा. खुद्द खेल्ला मात्र दम्यावरचं औषध म्हणून आज कुणी देत नाही.

प्रश्न : मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळून येणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्या औषधाची अशी चाचणी का होत नाही?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कारण त्यात काय आहे ते सांगत नाहीत. जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळा लेप घालून ते गिळायला देतात, शाकाहाऱ्यांना गुळातून देतात. सलग तीन वर्षं यायचं, पथ्य पाळायचं. लेपाची कृती हे औषध देणाऱ्या घराण्याचं गुपित आहे. घटक ठाऊक नसले की मात्रा ठरत नाही, एका वर्षीचा लेप दुसऱ्या वर्षीच्या लेपासारखाच आहे का ते कळत नाही, आणि कुठलीही समिती परवानगी देत नाही. शिवाय पथ्याच्या काळात धूळ-धूर-थंड टाळून दमा आटोक्यात राहिला तर मार्क कुणाला द्यायचे, माशाला की पथ्याला?

माशापेक्षा मला जास्त चिंता वाटते ती गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून दिलेल्या दम्याच्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळल्याचं भारतातल्याच संशोधकांनी प्रसिद्ध केलं आहे. अशा पुडीनं दोन दिवसांत जादू होते. भूक वाढते, मग तोंड गोल सुजतं, वजन चढतं, साखर आणि रक्तदाब वाढतो. घरात कुणी कित्येक महिने अशी पुडी घेत असेल आणि ही लक्षणं दिसत असतील, तर घाबरून ती एका दिवसात बंदही करू नका. शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं आणि पुडी एकदम सुटली तर माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि किती घेतली ते नीट सांगा. मात्रा हळूहळू कशी उतरवायची ते त्यांना ठरवू द्या.